कुलूपसर

घनसावंगीच्या बाजारात एका माणसाने एकदम सात कुलपं मागितली की दुकानदार आधी गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो आणि मग स्वतःच्या गल्ल्याकडे. आमच्या सरांकडे तो जरा जास्तच वेळ बघत राहिला.

"जांबच्या मूर्ती गेल्या व्हत्या ना सर, तवाबी एका माणसानं इतकी कुलपं नेली नव्हती."

२०२२ च्या ऑगस्टात जांब समर्थच्या राममंदिरातून मूर्ती चोरीला गेल्या होत्या. ऑक्टोबरात त्या सापडल्या, पण कुलपाचा विषय निघाला की आमच्याकडे अजून पहिली आठवण तीच निघते.

"चोरीची भीती नाही हो. शाळेसाठी पाहिजेत."

"शाळंत काय हाय चोरण्यासारखं?"

"लावायला नकोत, उघडायला पाहिजेत. पोरांना कुलपं उघडायला शिकवायचंय."

दुकानदाराने काउंटरवर मांडलेल्या सात कुलपांतली चार गुपचूप परत खोक्यात टाकली. मी शेजारीच उभा होतो. त्याच शाळेत मी मराठी शिकवतो. पण त्या क्षणी मला खिळ्यांचा भाव विचारायची फार निकड वाटली.

त्या दिवसापासून सरांचं गावातलं खरं नाव मागे पडलं आणि कुलूपसर हे नाव पुढे आलं. म्हाताऱ्या बायका कुलपाचे गुरुजी म्हणतात. सरांना दोन्ही चालतात. त्यांच्या मते नाव पडणं ही उपक्रमाची फलनिष्पत्तीच.

उपक्रमशील शिक्षक हा प्राणी जिल्हा परिषदेच्या प्रत्येक केंद्रात एक तरी असतो. तुमच्या तालुक्यातही असेल. त्याच्या खिशाला दोन पेनं, हातात कायम काहीतरी चिकटवलेलं, आणि मोबाइलची मेमरी कायम भरलेली. बाकीचे आम्ही 'माहिती तातडीने सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे' या संदेशांखाली दबून गेलेलो असताना हा माणूस त्याच ग्रुपवर रात्री अकराला मुलांनी केलेल्या मातीच्या ज्वालामुखीचे चौदा फोटो टाकतो. खाली केंद्रप्रमुखांचा अंगठा येतो. त्या अंगठ्यावर तो पुढचे आठ दिवस जगतो.

आमच्या सरांना हे दुखणं जुनं आहे. ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा त्यांनी वर्गाची फरशी अशी रंगवली की पोरं सापशिडीवरून उड्या मारत आत यायची, आणि साप लागला की परत व्हरांड्यात जायची. लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आला, तेव्हा वीज नसायची, सर दोन्ही हातांनी सूर्यमाला करून दाखवायचे आणि शेवटी म्हणायचे, "लाइट असती तर असंच दिसलं असतं." २०२० साली सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांत वाटून टाकली. बातमी ऐकून सर दोन दिवस जेवले नाहीत. मत्सराने नव्हे, हिशोबाने. आपल्याला मिळालं तर आपण किती वाटायचं, हे त्यांचं ठरत नव्हतं. त्या महिन्यात शाळेत क्यूआर कोड नाही अशी वस्तू उरली नाही. पाण्याच्या टाकीवरचा कोड स्कॅन केला की सरांच्याच आवाजात जलचक्र ऐकू यायचं.

कुलपांचं वेड मात्र पुण्याहून आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाच्याने त्यांना एका एस्केप रूममध्ये नेलं. माणशी पैसे भरायचे, साठ मिनिटांसाठी स्वतःला एका खोलीत कोंडून घ्यायचं आणि आतली कोडी सोडवत, आकडे जुळवत, कुलपं उघडत बाहेर यायचं. सरांची पहिली वीस मिनिटं पंख्याचं बटण शोधण्यात गेली. मग त्यांनी इंटरकॉमवरून बाहेरच्या मुलीकडे नमुना उत्तरपत्रिका मागितली. साठ मिनिटं संपली, कोडी उरली, शेवटी त्या मुलीनेच दार उघडलं. नापास होऊनही सर परतीच्या एसटीत झोपले नाहीत.

"बघा ना," दुसऱ्या दिवशी टपरीवर ते मला म्हणाले, "लोक पैसे देऊन कोंडून घ्यायलेत. आन् आपण फुकट कोंडतो, वर खिचडी देतो, तरी पोरं भिंतीवरून पळतात!"

मी म्हटलं, "म्हणजे आपली पोरं या खेळात आधीच पास आहेत."

हे त्यांना आवडलं नाही. त्यांनी चहाचा दुसरा कप सांगितला, म्हणजे इतिहास येणार. २००७ साली जपानात क्योतोला ताकाओ काटो नावाच्या माणसाने हा खेळ सुरू केला. संगणकावरच्या, खोलीतून सुटायच्या खेळांवरून त्याला ते सुचलं. पुढे ते जगभर पसरलं. इतकं सांगून सर थांबले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "काटो म्हणजे मुळात आपले काटेच असणार." मग गाडी घरी वळली. लाक्षागृह घ्या. आत पाच भाऊ आणि आई, बाहेर आग लावायला टपलेला पुरोचन, विदुराने कोड्यात दिलेली सूचना आणि भुयार खणायला धाडलेला खनक. एस्केप रूमला आणखी काय लागतं? अभिमन्यूचं काय झालं? आत जायची क्लू होती, बाहेर यायची नव्हती. आणि १७ ऑगस्ट १६६६ चं आग्रा! टपरीवाल्याने ग्लास उचलले तेव्हा महाराज राजगडाच्या वाटेवर होते.

जूनमध्ये सरांनी मुख्याध्यापकांपुढे प्रस्ताव ठेवला. आमच्या मुख्याध्यापकांना निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं आणि ते दीड वर्ष काहीही न घडता जावं एवढीच त्यांची देवाकडे मागणी होती. त्यांनी कागद वाचला. उपक्रमाचे नाव : सुटका-खोली. उद्दिष्ट : सुटका. कालावधी : ३५ मिनिटे.

"म्हणजे पोरं कोंडणार तुम्ही?"

"आनंदाने कोंडणार, सर."

"शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा, मानसिक त्रास. आनंदानं कोंडलं असं त्यात कुठं लिहिलेलं नाही." आणि त्यांनी कागद परत दिला, दोन बोटांनी, कोपऱ्याला धरून.

दुसरा कोणी असता तर तिथेच थांबला असता. सर चार दिवस गप्प होते. पाचव्या दिवशी त्यांनी पळवाट काढली : पोरं बाहेर आणि कुलपं पेटीला. दार उघडं, खिडक्या उघड्या, फक्त पेटी बंद. अमेरिकेतल्या शिक्षकांनीही २०१५ च्या सुमारास हेच केलं होतं. खोलीतून सुटण्याऐवजी पेटी फोडायची, ब्रेकआउट ईडीयू या नावाने तशा पेट्या विकायलाही आल्या. हे सरांना नंतर कळलं आणि तेव्हा ते थोडे खट्टूच झाले. आपण अमेरिकेच्या मागे राहिलो याचं नव्हे, पेटंट गेलं याचं.

पेटी म्हणजे वहिनींच्या रुखवतात आलेली पत्र्याची ट्रंक. झाकणावर दोन गुलाब, मध्ये वहिनींचं माहेरचं नाव आणि 'शुभविवाह'. तिला एकच कडी होती. सरांनी ट्रंक मोटरसायकलवर आडवी बांधून वेल्डिंगच्या दुकानात नेली आणि शेजारी शेजारी पाच कड्या-कोयंडे मारून घेतले. वेल्डरने विचारलं, "आत काय ठेवणार, सर?" सर म्हणाले, "ज्ञान." वेल्डरने मजुरी आधी मागून घेतली. वहिनींचं म्हणणं फक्त एवढंच होतं की घराच्या मागच्या दाराला गेलं वर्षभर सुतळी बांधलेली आहे, आणि शाळेतल्या ट्रंकेला पाच कुलपं. दुकानातून मिळालेल्या तीन किल्लीच्या कुलपांत जालन्याहून आणलेली आकड्यांची दोन घालून पाचाची भरती झाली. एक तीन आकड्यांचं, एक चार.

पहिला प्रयोग सातवीवर. तीन आकड्यांच्या कुलपाला सरांनी थेट भास्कराचार्यांचं गणित लावलं. ११५० सालच्या लीलावतीतलं भुंग्यांचं गणित आहे ते : थव्यातला पाचवा हिस्सा एका झाडावर गेला, तिसरा हिस्सा दुसऱ्यावर, या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट तिसऱ्यावर आणि एकटा भुंगा मध्येच घिरट्या घालत राहिला, तर एकूण भुंगे किती? सरांनी कदंब वगैरे काढून टाकले. त्यांचे भुंगे मोसंबीवर, कपाशीवर आणि तुरीवर गेले. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता, तिथला शिलालेख अजून आहे. तो मठ म्हणजे महाराष्ट्रातली पहिली उपक्रमशील शाळा, असं सरांचं पक्कं मत. मी वाद घालत नाही. निदान त्या शाळेत ऑनलाइन माहिती भरायची नव्हती, एवढं मला मान्य आहे.

तर पुढच्या बाकावरच्या मुलींनी वह्या उघडल्या. पाचवा हिस्सा अधिक तिसरा हिस्सा, छेद समान, पंधरा छेद... इथवर आल्या असतील नसतील, मागून 'खट्' असा आवाज झाला.

मागच्या बाकावर एक पोरगा आहे. वर्षातले पाच महिने तो आई-बापाबरोबर ऊसतोडीला जातो, त्यामुळे त्याचं अर्धं पाठ्यपुस्तक कायम कोरं करकरीत असतं. त्याने वही उघडलीच नव्हती. ट्रंकेला टेकून, मांडीवर कुलूप घेऊन तो बसला होता आणि कुलूप उघडलेलं होतं.

"किती आलं?" सरांनी विचारलं.

"शून्य, एक, पाच."

"अरे वा! कसं काढलं?"

"चौदावर उघडलं नाही म्हणून."

त्याने शून्य शून्य शून्यापासून सुरुवात केली होती. उत्तर पंधरा असल्याने सोळाव्या खटक्याला काम झालं. भास्कराचार्यांना साडेआठशे वर्षांत असा विद्यार्थी भेटला नसेल.

पुढच्या बाकावर रडारड झाली. मला वाटलं, आता सरांचा चेहरा पडणार. पण सर खडू घेऊन फळ्याकडे वळले. तीन चाकं, प्रत्येकावर दहा आकडे, तर एकूण जोड्या किती? एक हजार. एका जोडीला तीन सेकंद धर. किती वेळ लागेल? पोराने हवेत बोटं नाचवली. तीन हजार सेकंद. म्हणजे पन्नास मिनिटं. याआधी त्याने वर्गात कधी भागाकार पुरा केलेला मी पाहिला नव्हता.

"आणि तासिका?" सर विजयी सुरात म्हणाले. "पस्तीस मिनिटांची! म्हणजे फिरवत बसलास तर—"

"दोन तासिकांत व्हतं, सर."

सरांनी चार आकड्यांचं कुलूप उचललं. दहा हजार जोड्या, तीस हजार सेकंद, आठ तास वीस मिनिटं. पोरगा विचारात पडला. मग म्हणाला, "मधल्या सुट्टीत बी फिरवलं तर?"

यानंतर फोटो झाला. सरांच्या उपक्रमात आनंद दोनदा होतो, एकदा आपोआप आणि एकदा मोबाइलसाठी. "कुलूप पुन्हा लाव, पुन्हा उघड, आणि उघडल्यावर हस." पोराने लावलं. त्या गडबडीत आकडा कुठे सरकला कोण जाणे, दुसऱ्यांदा ते उघडेचना. फोटोत सगळा वर्ग हसतोय आणि मध्ये तो एकटा कपाळाला आठ्या घालून बसलाय. सरांनी खाली लिहिलं : 'चिंतनमग्न विद्यार्थी.' केंद्रप्रमुखांचा अंगठा आला.

श्रावणात सरांनी गुप्त शाई काढली. जालन्याची मोसंबी जगात नाव काढते, तर लिंबू कशाला, म्हणून मोसंबीच्या रसात काडी बुडवून कोऱ्या कागदावर संदेश लिहिला. वाळला की दिसत नाही, गरम इस्त्री फिरवली की तपकिरी अक्षरं उमटतात. विज्ञान बरोबर होतं. फक्त कागद रात्रभर टेबलाच्या खणात राहिला. सकाळी खण उघडला तेव्हा मुंग्या अक्षरावर अक्षर गिरवत बसल्या होत्या. 'फळ्यामागे बघा' एवढं तर लांबूनही स्वच्छ वाचता येत होतं; काना, मात्रा, सगळं. इस्त्री न लावताच कोडं सुटलं. सरांनी तासाचा विषय बदलून 'मुंगी : एक समाजशील कीटक' असा केला आणि पुन्हा फोटो काढले. या माणसाला हरवायचं कसं, हे देवालाही ठाऊक नाही.

पण एकदा हरता हरता राहिले, ती गोष्ट सांगितलीच पाहिजे.

२०२४ पासून शासनाने आनंददायी शनिवार आणला. आमच्या सरांचे बाकीचे पाच वारही आनंददायीच असल्याने शनिवारी काहीतरी चढतं करणं त्यांना भाग होतं. त्यांच्या वाचनात आलं होतं की बक्षीस खोटं असेल तर मुलांची ओढ खोटी राहते. गरज खरी पाहिजे. त्या महिन्यात पोषण आहाराचं काम त्यांच्याकडे होतं. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी तांदळाच्या कोठीची किल्ली ट्रंकेत टाकली आणि पाचही कुलपं लावली. साडेआठपर्यंत पोरं ट्रंक उघडतील, किल्ली निघेल, 'श्रमाचं अन्न' यावर दोन शब्द बोलता येतील, असा बेत. स्वयंपाकाच्या मावशींना हा बेत कोणी सांगितला नाही. आणि त्याच शनिवारी विस्तार अधिकारी भेटीला येणार आहेत, हे सरांना कोणी सांगितलं नाही.

सव्वाआठपर्यंत चार कुलपं निघाली. पाचवं चार आकड्यांचं. चिठ्ठी होती : 'जांबच्या सूर्याजीपंतांचा धाकटा मुलगा कोणत्या वर्षी जन्मला?' हे काय कोडं आहे? आमच्या तालुक्यात समर्थ रामदासांचं जन्मवर्ष विचारणं म्हणजे वासराला गाईचा पत्ता विचारणं. पन्नास तोंडांनी आरोळी दिली, सोळाशे आठ! कुलूप उघडलं नाही.

"नीट लाव रे," सर म्हणाले. नीट लावलं. नाही. सरांनी स्वतः लावलं. नाही. कोणीतरी १६८१ लावून पाहिलं, समर्थांच्या निर्वाणाचं. नाही. पोरांनी सरांच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे, गाडीचा नंबर आणि पंधरा ऑगस्टचं साल लावून पाहिलं. सरांचं हसू ओठांवर तसंच होतं, पण आता ते त्यांचं वाटत नव्हतं. आदल्या संध्याकाळी वीज गेलेली असताना त्यांनी आकडा बदलला होता आणि काय ठेवला ते त्यांना आठवत नव्हतं. हे फक्त मला कळलं, कारण त्यांनी माझ्या कानात विचारलं, "मी तुम्हाला काही बोललो होतो का हो?"

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. पातेल्यात आधण उकळत होतं. योजनेचं नाव आता पीएम पोषण झालं असलं तरी खिचडी तीच आहे, आणि मावशीही.

"सर, तांदूळ कवा देता?"

"पाच मिनिटं, मावशी. पोरं विचार करू लागलीत."

"पोरं करतील इचार. पाणी आटू लागलंय."

मुख्याध्यापकांनी हळूच कुऱ्हाड कुठे मिळेल याची चौकशी केली. मागच्या बाकावरच्या पोराने मात्र शांतपणे कुलूप ओढून घेतलं आणि शून्य शून्य शून्य शून्यापासून सुरुवात केली. मावशींनी विचारलं, किती वेळ लागंल रं? तो मान वर न करता म्हणाला, "आठ तास वीस मिंटं. लई झालं तर." मावशी त्याच्या शेजारी मांडी घालून बसल्या. "मग खिचडी राच्च्यालाच करू."

याच वेळी फाटकातून विस्तार अधिकाऱ्यांची गाडी आत आली.

पुढच्या बाकावर एक बारीकशी मुलगी आहे, तिचं आजोळ जांबचं. ती इतका वेळ वहीत काही करत नव्हती, नुसतं नख खात होती. ती उठली. "सर, आमचे आबा सोळाशे आठ नाही म्हणत. शके पंधराशे तीस म्हणतात."

पोराने दोनशे बारावरून नाराजीने हात काढला. तिने चाकं फिरवली. एक, पाच, तीन, शून्य. खट्.

"शाब्बास!" सर इतक्या जोरात ओरडले की व्हरांड्यातले अधिकारी दचकले. "हेच मला पाहिजे होतं! शके आणि सन! अठ्ठ्याहत्तर वर्षांचा फरक! मुद्दाम ठेवलं होतं मी!" आणि त्यांनी रुमालाने आधी चेहरा पुसला, मग मान, मग परत चेहरा. फळ्यावर १५३० अधिक ७८ बरोबर १६०८ असं मोठ्या अक्षरात आलं. अधिकारी दारात उभे राहून ते बघत होते. मावशी किल्ली घेऊन गेल्याही होत्या, मागोमाग सर वजनकाटा घेऊन धावले, सहावी ते आठवी माणशी १५० ग्रॅम.

ते परत आले तेव्हा मागच्या बाकावरचा पोरगा अजून कुलूप हातात घेऊन उभा होता.

"सर, पंधराशे तीस खरं का सोळाशे आठ?"

"दोन्ही खरं."

"मग कुलपाला एकच कामून चालतं?"

सरांनी तोंड उघडलं. मिटलं. खिशातल्या दोन पेनांपैकी एक काढलं, पुन्हा ठेवलं. मी त्यांना इतकी वर्षं ओळखतो, पण उत्तर नसताना ते गप्प राहिलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. "सोमवारी सांगतो," ते म्हणाले. शेरेबुकात अधिकाऱ्यांनी लिहिलं : 'उपक्रम स्तुत्य. तांदळाच्या नोंदी वेळेत घ्याव्यात.' दोन्ही वाक्यं सरांनी फोटो काढून ग्रुपवर टाकली, नव्हे, पहिलंच. दुसरं अंगठ्याने झाकलं होतं.

दिवाळीनंतर टोळ्या निघाल्या. हंगामी वसतिगृहाच्या यादीत सरांनी त्या पोराचं नाव घातलं होतं, पण त्याच्या बापाने उचल घेतलेली, आईचा कोयता बापाच्या जोडीला, आणि कोपीवर धाकट्या बहिणीला सांभाळायला कोणीतरी लागतंच. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी तो शाळेत आला, तो दाखला मागायला नाही, कुलूप मागायला. तीन आकड्यांचं. सरांनी त्याच्यादेखत आकडा बदलला, लावून त्याच्या हातात दिलं आणि सोबत एका चिठ्ठीवर गणित लिहून दिलं. गणितही साधं नव्हतं, मी पाहिलं. दोन ओळींनंतर मी सोडून दिलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आम्ही टपरीवर असताना सरांचा फोन वाजला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज आणि पोरगा.

"उघडलं सर. चारशे सतरा."

"गणित सोडवलंस का फिरवत बसलास?"

जरा वेळ नुसता ट्रॅक्टर ऐकू आला. मग तो म्हणाला, "आधी फिरवलं. मग चारशे सतरा कसं येतंय ते गणितात बघितलं. येतंय, सर. दुसरं द्या."

सरांनी फोन खिशात ठेवला. चहा निवला होता, तो त्यांनी तसाच घेतला. माझ्याकडे न बघता, वर्गात नवा धडा काढताना येतो त्या आवाजात त्यांनी विचारलं,

"कुलूप पोस्टानं जातं का हो?"